तलावातलं घर

उन्नती एका ऑफिसात शहराचे नकाशे संगणकावर कॅडमध्ये उतरवायची. एकदा तिच्याकडून आकडा चुकला आणि कॅम्प-१ वस्तीतली तिची स्वतःचीच गल्ली सरकून शेजारच्या तलावात गेली. ध्यानात येईपर्यंत नकाशा मंजूरही झाला होता. ती धावतच साहेबांकडे गेली.

"सर, आमचं घर पाडतील हो."

"मंजूर झाला म्हणजे नकाशा बरोबरच असेल," साहेब शांतपणे म्हणाले.

आठवड्याभरात तलावातलं अतिक्रमण मोजायला पालिकेचा माणूस दारात हजर. अंगणात पापड वाळत होते. त्याच्या अंगातलं लाइफ जॅकेट पाहून उन्नतीच्या आईनं विचारलं, "एवढ्या उन्हात हे कावून घातलं, बाबू?"



"नियम आहे, काकू. तलावात उतरताना घालाच लागते."