एक प्रसंग लिहा

कॉलेजच्या पत्राला डॉक्टरांनी महिनाभर उत्तर दिलं नव्हतं. वॉर्डातल्या सिस्टरने फिजिशियन असिस्टंटच्या, म्हणजे डॉक्टरांच्या हाताखाली तपासणी-उपचार करण्याच्या, अभ्यासक्रमासाठी अर्ज केला होता आणि तिचं प्रसंगावधान दाखवणारा एक प्रसंग कॉलेजने डॉक्टरांकडून लिहून मागितला होता.

"सर, आठवडाच उरलाय," सिस्टर दारातूनच म्हणाली.

"पन्नाशीला टेकलात सिस्टर. आता पुस्तकं घेऊन बसणार?"

"चष्मा नवा केलाय."

"आणि प्रवेश नाहीच मिळाला तर?"

"तर पुढच्या वर्षी पुन्हा तुमच्या डोक्याशी कटकट."

ती गेल्यावर डॉक्टरांनी कॉलेजचं पत्र पुढ्यात ओढलं. मग त्यांनी लिहिलं, 'एका पेशंटला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे हे मी विसरलो होतो. मी सुई टोचणार, एवढ्यात सिस्टरने माझा हात धरला. आजवर मी हे कुणालाही सांगितलेलं नाही.'

खाली सही करून त्यांनी पाकीट स्वतः जाऊन पोस्टात टाकलं.