तडा नाही, वाकलं नाही, मोडलं नाही

नेब्रास्कातल्या आमच्या ट्रक-शाळेत लायसन बाद झालेल्या जुन्या ड्रायव्हरलाही पहिल्यापासून शिकावं लागतं. ट्रक तपासताना ज्या भागाला हात लावाल त्याचं नाव घेऊन ओरडायचं, 'तडा नाही, वाकलं नाही, मोडलं नाही!' व्हर्ना अशीच जुनी ड्रायव्हर. तिचं कोपर नवऱ्याने मोडलं होतं, ते बरं होईतो ट्रक चालवता आला नाही, त्यातच तिचं लायसन गेलं. ती हवा तपासायला दांडक्याने टायर ठोकत होती, तेवढ्यात तो पिकअप घेऊन आला. 'मोठी आली ट्रकवाली! चल घरी,' म्हणत त्याने थोबाडीत हाणली. रक्त थुंकून ती पिकअपकडे वळली. दांडका फिरला. 'दिवा! मोडला!' पुन्हा फिरला. 'काच! तडा!' तो तिचे केस धरायला धावला. दांडका गुडघ्यावर बसला, हाड कडाडलं. 'गुडघा! मोडला!' खडीत लोळत तो माझ्यावर केकाटला, 'मास्तर, बघतोस काय? आवर तिला!' अर्धवट तपासणी मला कधीच चालत नाही. म्हणालो, 'व्हर्नाबाई, कोपर राहिलं.'