माया मंदिराखालची पुळण

माया लोकांच्या प्राचीन मंदिराच्या कड्याखाली, पुळणीवर पोहोचल्यावर केतकीने निरंजनच्या चपला काढल्या. पायांना वाळू लागताच तो हसला. त्याच्या विझत चाललेल्या मेंदूत तिने आपली एक आठवण बसवून घेतली होती: लग्नानंतर दोघं इथे आले तो दिवस. दिलेली आठवण देणाऱ्याकडे उरत नाही. त्यामुळे तिला आज हा किनारा अगदी नवा होता. निदान इथे तरी तो आपल्याला ओळखेल, एवढ्याच आशेने ती आली होती.

“सांग ना, काय काय झालं त्या दिवशी?”

“मी बंदी असूनही मंदिराच्या पायऱ्या चढलो, तर पहारेकरी शिट्टी वाजवत धावला. कसला पळालो मी!”

“शहाणाच आहेस. आणि मी काय करत होते?”

निरंजनने डोळे मिटून बराच वेळ शोधलं. तो दिवस तिच्या डोळ्यांनी पाहिलेला होता; त्यात ती स्वतः कुठून दिसणार? केतकीच्या हे आत्ता लक्षात आलं.

“तुम्ही?” तो अदबीने म्हणाला. “नाही हो, मी एकटाच दिसतो. मधूनच एक हात मला चिवडा देतो. कुणाचा, ते कळत नाही.”