काचेबाहेरची नजर

"अजून वर?" बायकोने काचेआडून भुवया उडवून विचारलं.

फुटपाथवर उभ्या असलेल्या सजावटकाराने बोट वर केलं. मग खाली केलं. मग स्वतःच्याच बोटावर वैतागून हात खिशात घातला.

बुटांच्या दुकानाची दर्शनी काच सजवायची होती. दुकानदार किल्ली त्यांच्या हातात देऊन चहाला गेला होता, तो यायच्या आत काम उरकायला हवं होतं. रिकाम्या खोक्यांच्या पुठ्ठ्याचे पक्षी नवराबायकोने घरी कापून, रंगवून आणले होते. एका उघड्या खोक्यातून थवा निघणार आणि चढत चढत लाल बुटाच्या डोक्यावर पोचणार, अशी कल्पना. नायलॉनचे दोरे छताला बांधायचं काम तिचं, कारण तिची बोटं बारीक. बाहेर उभं राहून डावं-उजवं ठरवायचं काम त्याचं, कारण नजर त्याची. काचेतून आवाज जात नाही, म्हणून सगळं बोटांवर चालायचं. एक पेर दाखवलं की पेरभर सरकवायचं, मूठ दाखवली की गाठ मारून दोरा कापायचा. मुठीला उलट प्रश्न नाही. त्यांच्या संसारात दोघांनीही न मोडलेला कायदा हा एवढाच.

आणि आता त्या नजरेचेच बारा वाजले होते. डोळ्यांच्या मधोमध डाग बसला होता. जिथे बघावं तिथेच नेमकं धुकं, कडेकडेचं तेवढं दिसायचं. गेलं ते येणार नाही, उरलंय ते सांभाळा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. घरी त्याने "चष्म्याचा नंबर वाढलाय" म्हणून वेळ मारून नेली. सांगणार तरी काय? गाठ आपल्याला धड कधी जमली नाही, आता नजरही गेली म्हटल्यावर आपण उरलो कशाला? पिशव्या उचलायला?

तो दोन पावलं मागे गेला, परत पुढे आला, डावीकडे सरकला. कोंबडी दाण्याकडे बघते तशी मान तिरकी करून बघितलं. पक्षी होते खरे. रेषेत होते की नव्हते, देव जाणे. त्याने मूठ दाखवली. आत कात्री चालली. पुढचा पक्षी, पुन्हा अंदाज, पुन्हा मूठ. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालं होतं त्याचं. मागून जाणाऱ्या प्रत्येकाकडे तो कान लावून होता. कुणी हसतंय का?

भाजीची पिशवी घेतलेल्या एक बाई थांबल्या.

"अहो, सगळे पक्षी त्या एका कोपऱ्यातच का पळतायत? मागे मांजर लागलंय का?"

"ते मुद्दाम आहे," तो ताडकन म्हणाला. "डिझाईन आहे ते."

"असेल बाई," म्हणत त्या गेल्या.

मुद्दाम म्हणे! त्याची कानशिलं तापली. याच शब्दावरून त्याने आयुष्यभर इतरांची टिंगल केली होती. हात चुकला की डिझाईन, वा रे कलाकार!

तेवढ्यात दार उघडलं. बायको अनवाणीच बाहेर आली आणि त्याच्या शेजारी उभी राहून काचेकडे बघायला लागली. बघतच राहिली. आता ही बोलणार, भर रस्त्यात बोलणार, असं त्याला वाटलं.

"कसं वाटतंय?" त्यानेच विचारलं.

"सगळं सोडू. नवे दोरे लावू," ती म्हणाली. "आणि आता तुम्ही आत जा. माझे गुडघे दुखायला लागलेत. मी उभी राहते इथे."

"अगं, पण माझ्या गाठी..."

"येतील तशा मारा. सुटल्या तर परत मारा."

गुडघे! काल संध्याकाळी हीच बाई पुठ्ठे काढायला माळ्यावर चढली होती, तेव्हा कुठे गेले होते गुडघे? पण वाद घालायची ताकद त्याच्यात नव्हती. तो आत गेला, स्टुलावर चढला, टांगलेले पक्षी सोडवले आणि पहिला पक्षी नव्या दोऱ्याने धरून काचेकडे वळला. आता ती पेरभर बोट दाखवणार, आणि आपण ठोंब्यासारखे बघत राहणार. लपायला जागाच उरली नव्हती.

बाहेर हिरव्या कपड्यांचा एक पुंजका होता. त्याने नजर जरा बाजूला वळवली, तेव्हा तो पुंजका कडेला आला आणि त्यातून दोन हात वर निघाले. दोन्ही हात, डोक्याच्या वर, ताठ. तिने ते अख्खेच्या अख्खे डावीकडे फेकले. थांबली. पुन्हा फेकले. चारचौघांत कधी मोठ्याने शिंकली नव्हती ही बाई, आणि भर फुटपाथवर कवायत करत होती. लोक थांबायला लागले. कुणीतरी हसलंही.

हिला माहीत आहे. कधीपासून, कोण जाणे. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि दुसऱ्याच क्षणी इतकं हलकं वाटलं की तोल जाऊ नये म्हणून छताची पट्टी धरावी लागली. त्याने पक्षी डावीकडे सरकवला. बाहेरचे हात आणखी जोरात हलले.

चहा पिऊन परतलेल्या दुकानदाराचा आवाज उघड्या दारातून आत आला. "काय हो ताई, विमान उतरवताय की काय?"

"उतरवतेय," हात खाली न घेता ती म्हणाली. "तुम्ही तेवढे मधून बाजूला व्हा. त्यांना मी दिसले पाहिजे."