पत्र्यावरचं पाणी

लोणी भापकरला नीळकंठ मास्तरांनी घराच्या पत्र्यावरचं पावसाचं पाणी पाइप लावून, वाळू-खडीतून गाळून, आपल्या आटलेल्या बोरमध्ये सोडलं. शेजारचे म्हस्कूआबा पोट धरून हसले. "मास्तर, बोरनं आपल्याला पानी पाजायचं, का आपन बोरला?"

उन्हाळ्यात मास्तरांचा बोर नुसती हवाच फेकत राहिला. पण तीन वर्षं कोरडा पडलेला, खालच्या अंगाचा आबांचा बोर मात्र धो धो चालू झाला. आबांनी खंडोबाला बकरं कापलं, गावाला जेवण घातलं आणि मास्तरांच्या ताटात रस्सा वाढता वाढता ऐकवलं, "बघा, पानी असं येतं."

मास्तर घरी आले आणि त्यांनी पाइप उपसून माळ्यावर टाकला.

पुढच्या उन्हाळ्यात आबांचा बोर पुन्हा कोरडाठाक. आबांनी आणखी एक बकरं कापलं, तरी थेंब आला नाही. मग मृगाच्या तोंडावर आबा खांद्यावर कोरा पाइप घेऊन मास्तरांच्या दारात उभे राहिले.

"एवढा बसवून घ्या, मास्तर. तुमच्या रुसव्यापायी आमचा खंडोबा बदनाम व्हतोय."