डावी दांडी

"हा नको. दोन दांड्यांचा दे," ती म्हणाली.

शिंपी गोंधळला. बायकोसाठी त्याने मुद्दाम एका हाताचा कंट्रोलर आणला होता. मनगट वळवलं की ड्रोन वळायचं, बोट दाबलं की पुढे जायचं. तिच्या डाव्या हातातला जीव केव्हाच गेला होता. उजवं मनगट आणि बोटं तेवढी अजून ऐकत होती. आजार थांबणारा नव्हताच. आता तो श्वासापर्यंत पोचला होता. एकेकाळी हीच बाई विजेच्या मनोऱ्यांभोवती ड्रोन फिरवून तारा तपासायची.

"अगं, त्याला दोन हात लागतात."

"डावी दांडी तू धर."

"शिंप्याच्या हाती विमान देतेस होय!"

"वर ढकललीस की चढेल, खाली ओढलीस की उतरेल. बाही लावण्यापेक्षा सोपं आहे."

गॅलरीत तिच्या खुर्चीला खुर्ची लावून तो बसला. तिच्या डोळ्यांवर त्याने गॉगल चढवला. ड्रोनच्या कॅमेऱ्याला दिसेल तेच आता तिला दिसणार होतं. त्याच्यासाठी ते चित्र समोरच्या मोबाइलवर होतं.

"नॉर्मल मोडवर ठेवू ना? हात सोडला तरी जागेवर तरंगत राहतं म्हणे."

"नाही. मॅन्युअल. त्यात ते आपणहून काही करत नाही. आपण धरलं तरच वर राहतं."

ड्रोन दारुड्यासारखं झोकांड्या खात उठलं. शिंपी जीव मुठीत धरून बसला. मग हळूहळू दोघांचे अंगठे जुळले. छपरं मागे पडली, पाण्याच्या टाक्या मागे पडल्या, नदीचं कोरडं पात्र आलं. तिथे चिटपाखरूही नव्हतं.

"जमतंय की तुला!" ती हसली. कितीतरी महिन्यांनी हसली. त्यालाही क्षणभर वाटलं, सगळं अजून आपल्या हातात आहे.

एवढ्यात बॅटरी संपत आल्याची शिट्टी वाजू लागली. मोबाइलवर सूचना आली: ड्रोन आपोआप घरी परतेल.

"ते रद्द कर."

"अगं, पडेल ना ते!"

"कर."

त्याने केलं. शिट्टी वाजतच राहिली.

"आता दांडी खाली ओढ. पार खाली."

त्याचा अंगठा हलेना. "मी नाही. तुझं तू कर काय ते."

"माझ्याच्यानं झालं असतं तर तुला बसवलं असतं का शेजारी?" तिला धाप लागली. पुढच्या दोन शब्दांपुरती हवा गोळा करायला तिला वेळ लागला. "ओढ रे."

त्याने डोळे मिटले आणि ओढली. उघडले तेव्हा पडदा काळा झाला होता.

त्याने तिचा गॉगल उतरवला. तिची नजर शांत होती.

"का करायला लावलंस हे मला?"

"सवय हवी तुला," ती म्हणाली. "मला श्वासाच्या मशीनवर ठेवतील ना, तेव्हा ते बंद कधी करायचं हे डॉक्टर तुलाच विचारणार आहेत."