निंबाखालचा पितांबर

असोद्याच्या पितांबरने ऐंशी साली बी.ए. होऊन शहरातल्या रोजगार कार्यालयात नाव नोंदवलं. अकरा वर्षं झाली, बोलावणं आलं नाही. घरी बसून काय करायचं म्हणून तो कार्यालयाबाहेरच्या निंबाखाली बसू लागला, नवीन पोरांचे फॉर्म भरून देऊ लागला. कोणी चहा पाजायचं, कोणी दोन रुपये हातावर ठेवायचं.

यंदा नोंदणीच्या कार्डाची मुदत वाढवायला तो आत गेला, तर कारकुनाने यादीतून त्याचं नावच खोडलं. "रोज बाहेर फॉर्म भरता, म्हणजे कामाला लागले ना तुम्ही, पितांबरभाऊ. परत नोंदवायचं तर नवा फॉर्म भरा. नंबर शेवटचा."

पितांबर बाहेर येऊन जागेवर बसला. स्वतःसाठी एक कोरा फॉर्म मांडीवर घेतला, पेनाचं टोपण काढलं आणि सवयीने विचारलं,


"नाव काय, भाऊ?"